पडद्यावरची शर्यत : असल किती, नक्कल किती?

मोटार शर्यतीच्या खेळांच्या वेष्टनावर 'खराखुरा' या अर्थाचा एखादा शब्द हमखास छापलेला असतो. सोनीच्या प्लेस्टेशनवर चालणाऱ्या 'ग्रॅन टुरिस्मो' या जपानी खेळाने तर आपल्या नावाखालीच 'द रिअल ड्रायव्हिंग सिम्युलेटर' अशी ओळ लावून घेतली आहे. आपल्या धंद्यात वेष्टनावर लिहिलेले आत नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ताका परत आणून टाकते. मालातला ऐब लपवून सौदा करणे शरीअतनेही नाजायज ठरवले आहे. तेव्हा हा शब्द जरा चिमटीत धरून पाहायला हरकत नाही. खेळ पोरांचा असला तरी पैसा बापाचा असतो. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. स्टीअरिंग, पेडल आणि बैठक यांचा खर्च त्यावर वेगळा. शिवाय गाळा भाड्याने घेऊन गेम पार्लर टाकण्याचा विचार करणारे तरुण आपल्या बिरादरीतही आहेत. त्यांनी कोणता माल भरावा, हा साधा तिजारतीचा सवाल आहे.

प्रथम दोन्ही माल वेगळे ओळखू या. कन्सोल म्हणजे खेळासाठीच बनवलेला बंद डबा. टीव्हीला जोडा, हातात गेमपॅड घ्या आणि सुरू करा. पीसी सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा असा प्रोग्राम, की ज्याचा सारा हिशेब खऱ्या गाडीसारखे वागण्यावर बेतलेला आहे. त्याला स्टीअरिंग आणि पेडल लागतातच. गेमपॅडवर तो चालवणे म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणे.

दोन्ही घराणी तशी जुनी आहेत. अमेरिकेतील पॅपायरस या छोट्या कंपनीने १९८९ मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीवर कॉम्प्युटरचा खेळ काढला, आणि १९९८ मध्ये 'ग्रँड प्रिक्स लेजंड्स' आणला. त्यात १९६७ सालच्या फॉर्म्युला वन गाड्या होत्या : अरुंद टायर, जबर ताकद आणि पंखांचा दाब नाही. पाय जरा जास्त दाबला की गाडी गरकन फिरलीच. जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले, पण बाजारात तो चालला नाही. त्याच सुमारास, डिसेंबर १९९७ मध्ये, जपानात काझुनोरी यामाउची यांच्या चमूने पाच वर्षे खपून बनवलेला पहिला 'ग्रॅन टुरिस्मो' आला आणि त्याच्या एक कोटी आठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यात रस्त्यावर दिसणाऱ्या साध्या जपानी गाड्या होत्या, ब्रेक कुठे लावायचा हे शिकवणाऱ्या लायसन्सच्या परीक्षा होत्या. मात्र ट्रॅक सगळे कल्पनेतले, आणि भिंतीवर आपटली तरी गाडीला ओरखडा नाही. आपली गाडी पडद्यावर चेंदामेंदा झालेली मोटार कंपन्यांना रुचत नाही, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. या मालिकेत गाडीची मोडतोड दिसू लागली ती २०१० च्या पाचव्या भागात.

आता मूळ मुद्दा. गाडी खरी वाटते कशाने? रंगाने, चकाकीने नव्हे. त्यात कन्सोल कधीच मागे नव्हते, उलट दाखवण्याच्या बाबतीत 'ग्रॅन टुरिस्मो' पुष्कळदा पुढेच राहिला. सगळी कहाणी टायरची आहे. गाडी जमिनीला चिकटते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. त्याच क्षणी स्टीअरिंग वळवले तर शेपूट बाहेर निघते. टायर गार असेल तर पकड कमी, तापला की वाढते, जास्त तापला की पुन्हा घसरते. हा हिशेब प्रोग्रामला सेकंदात शेकडो वेळा करावा लागतो. 'आयरेसिंग' या अमेरिकन सिम्युलेटरमध्ये तो सेकंदाला ३६० वेळा होतो. गंमत अशी, की मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरील 'फोर्झा मोटरस्पोर्ट'चे निर्मातेही हाच ३६० चा आकडा सांगत आले आहेत. म्हणजे नुसता आकडा ऐकून भुलायचे नाही. सुताचा काउंट सांगितला म्हणून कापडाचा पोत कळतो थोडाच?

फरक कळतो तो पकड सुटल्यानंतर. गाडी सरळ जात असताना, वळण बेताने घेताना दोन्हीकडचा अनुभव बराच जवळ येतो. पण शेपूट सुटले की सिम्युलेटर तुम्हाला वाचवत नाही. उलट दिशेने स्टीअरिंग नेमके किती आणि केव्हा फिरवायचे, हे हाताला कळले पाहिजे. अर्धा सेकंद उशीर म्हणजे खेळ खलास. कन्सोलचा खेळ मात्र बहुधा हळूच हात देतो. याचे कारण यंत्र कमजोर आहे हे नव्हे. कारण गिऱ्हाईक आहे. गेमपॅडची काडी अंगठ्याने बोटभरही हलत नाही, तर खऱ्या मोटारीचे स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण अडीच फेरे घेते. अंगठ्याची ती धसमुसळी हालचाल जशीच्या तशी गाडीला दिली तर कोणीही पहिले वळण पार करणार नाही. म्हणून मध्ये प्रोग्राम बसतो, हालचाल गाळून, मऊ करून पुढे देतो. घरातल्या दहा वर्षांच्या मुलापासून मामूजानपर्यंत सगळ्यांना खेळता यावे, असा तो माल आहे. त्यात लबाडी नाही. फक्त वेष्टनावरचा 'रिअल' हा शब्द तेवढा तोलून घ्यावा.

कन्सोलवाल्यांची एक बाजू मात्र इन्साफाने सांगितली पाहिजे. घरगुती खेळासाठी पूर्ण अडीच फेरे, म्हणजे ९०० अंश फिरणारे लॉजिटेकचे स्टीअरिंग लोकप्रिय झाले ते 'ग्रॅन टुरिस्मो ४'च्या काळात, त्याच खेळाच्या साथीने. पीसीवाल्यांनी ते पुढे आनंदाने वापरले.

दुसरा फरक रस्त्याचा. 'आयरेसिंग' २००८ मध्ये खुले झाले. मागे डेव्ह केमर, म्हणजे पॅपायरसचेच एक संस्थापक. त्यांनी ट्रॅक नजरेने न काढता लेझरने मोजून घेतले. डांबराचे ठिगळ कुठे आहे, उंचवटा कुठे आहे, कडेची फरशी किती वर आली आहे, सगळे जसेच्या तसे. तो उंचवटा स्टीअरिंगमधल्या मोटरमधून हाताला लागतो. शौकिनांच्या मते डोळ्यांपेक्षा ही हाताची खबरच जास्त कामाची, आणि मला ते पटते. आम्ही कापडवालेसुद्धा आधी हात लावतो, मग पाहतो. इटलीच्या कुनोस कंपनीचे 'असेटो कोर्सा' याच वाटेने गेले. त्याचा पुढचा भाग 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' २०१९ मध्ये पीसीवर पूर्ण रूपात आला आणि २०२० मध्ये कन्सोलवरही. जुन्या कन्सोलवर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलत असे, ते २०२२ मध्ये नव्या यंत्रांवर ६० झाले. म्हणजे दोन घराण्यांतली भिंत आता पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही. चांगले स्टीअरिंग लावून, मदतीची बटणे बंद करून 'ग्रॅन टुरिस्मो ७' चालवणारा मुलगा गेमपॅडवाल्यापेक्षा पीसीवाल्याच्या जास्त जवळ असतो.

मग खरे ड्रायव्हर कुठून निघाले? इथे पीसीवाल्यांची जरा पंचाईत होते. निस्सान आणि सोनी यांनी २००८ मध्ये 'जीटी अकॅडमी' सुरू केली : कन्सोलवर सर्वांत वेगवान ठरणाऱ्यांना निवडायचे आणि खऱ्या गाडीत बसवायचे. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ २०११ च्या ल मान्स शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. २०११ चा विजेता ब्रिटनचा जॅन मार्डनबरो २०१३ मध्ये तिथेच आपल्या गटात तिसरा आला. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही निघाला. पीसीच्या बाजूने अमेरिकेच्या विल्यम बायरनचे नाव घेतात. त्याने आधी 'आयरेसिंग'वर हात बसवला, मग खऱ्या गाडीत बसला आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना ५०० जिंकली. म्हणजे नजर, ब्रेकची जागा आणि वळणाची रेषा दोन्हीकडे शिकता येते. हजारोंतून मोती निवडायला कन्सोलही पुरला. मात्र निवडीनंतर त्या मुलांना खऱ्या गाडीचे कसून प्रशिक्षण द्यावे लागले, ही गोष्ट सिनेमा पाहून आलेली पोरे विसरतात.

जे दोन्हीकडे नाही ते अंगावर येणारे वजन आणि जिवाची भीती. मार्च २०१५ मध्ये जर्मनीच्या न्युरबर्गरिंग ट्रॅकवर याच मार्डनबरोची गाडी उंचवट्यावरून हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. हाच ट्रॅक पडद्यावर हजारो लोक रोज चालवतात, आणि गाडी उडाली की बटण दाबून पुन्हा सुरुवात करतात. ज्यांची मुले नुकतीच मोटारसायकल चालवू लागली आहेत, त्यांनी एवढे तरी घरात बोलून ठेवावे.

आता पैशाची बाजू, जिच्यासाठी हे पान आहे. कन्सोलचा खेळ एकदा विकत घेतला की संपले, असा समज असतो. 'ग्रॅन टुरिस्मो ७' मार्च २०२२ मध्ये आला. खेळातल्या गाड्या खेळातल्याच चलनात विकत घ्यायच्या. ते चलन शर्यती जिंकून कमवा, नाहीतर खऱ्या पैशाने घ्या. दोनच आठवड्यांत एका बदलाने काही शर्यतींचे बक्षीस कमी झाले, त्यातच खेळ एक दिवसाहून अधिक काळ बंद पडला. खेळणारे इतके भडकले की यामाउचींना माफी मागावी लागली, आणि भरपाई म्हणून खेळातले दहा लाख वाटावे लागले. मजुरी कापून दुकानातला भाव तोच ठेवला तर कारागीर काय म्हणेल, ते आपल्याला सांगायला नको. 'आयरेसिंग'चा कारभार निराळा आहे. तिथे वर्गणी भरत राहायची, आणि सुरुवातीला मिळतात त्याशिवायची प्रत्येक गाडी, प्रत्येक ट्रॅक वेगळा विकत घ्यायचा, एकेकाला साधारण बारा ते पंधरा डॉलर. मात्र काय मिळणार आणि कितीला, हे आधी स्पष्ट असते. धंदा म्हणून मला हा व्यवहार जास्त साफ वाटतो, महाग असला तरी.

पार्लर टाकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. तासावर पैसे देणारा पोरगा मित्रांबरोबर येतो, त्याला पाच मिनिटांत मजा पाहिजे. त्याच्यासाठी कन्सोल बरा : दोन गेमपॅड, एक पडदा, बिघाड कमी. सिम्युलेटरवर पहिला अर्धा तास तो फक्त घसरत राहील आणि परत येणार नाही. सिम्युलेटरची बैठक ठेवायची तर एकच ठेवावी, जास्त दराने, आणि शिकवणारा माणूस शेजारी हवा. घरासाठी घेणाऱ्याने आधी साधे स्टीअरिंग घ्यावे. मोटर थेट दांड्याला जोडलेल्या भारी संचाची किंमत पुष्कळदा कन्सोलच्याही वर जाते. असे संच बनवणाऱ्या फॅनाटेकची मालक जर्मन कंपनी एंडोर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या कॉर्सेअरने तो धंदा उचलला. तेव्हा भारी माल घेताना दुरुस्ती कोण करणार, हेही विचारून घ्यावे.

जुने स्टीअरिंग घेत असाल तर मॉडेलचा नंबर पाहा. लॉजिटेकचे जी २९ प्लेस्टेशनला आणि पीसीला चालते, एक्सबॉक्सला नाही. जी ९२० एक्सबॉक्सला आणि पीसीला चालते, प्लेस्टेशनला नाही. दिसायला दोन्ही जुळ्या भावांसारखे आहेत आणि जुन्या मालाचा दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.