मडगार्डवरचं भोक

2025 च्या जूनमध्ये माझी जिप्सी दिल्ली सोडून नाशिकला गेली. पेट्रोलवरची गाडी, 2010 ची नोंदणी, म्हणजे पंधरा वर्षं पुरी झालेली. त्यात 1 जुलैपासून अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपावर इंधन मिळणार नाही, असं जाहीर झालेलं. एनओसी काढली आणि पुतण्याच्या हाती किल्ली दिली. त्याआधीच्या रविवारी मयूर विहारच्या घराखाली बसून तिच्यातला वायरलेस संच उतरवला. बसवायला तीन रविवार लागले होते, उतरवायला चाळीस मिनिटं पुरली. मागे राहिलं ते उजव्या मडगार्डवरचं अँटेनाचं भोक. जुलैच्या सुरुवातीलाच ती इंधनबंदी लांबणीवर पडली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नका, असं सांगितलं. तोवर जिप्सी नाशिकच्या पावसात उभी होती. हे मला फार लागलं.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक बातमी आली. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकींची बेकायदा विक्री होते म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 9 मे रोजी तेरा कंपन्यांना नोटिसा धाडल्या आणि 30 मे रोजी नियमावलीही काढली. बातमी वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे जैसलमेरजवळची एक सकाळ आली आणि पेपर बाजूला ठेवला.

फार मागचं उकरत नाही. 1980 मध्ये हिमालयन कार रॅली सुरू झाली, 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली, रॅलीचे निरोप हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, डोंगरातून खाली पोचवत. मी तेव्हा पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत होतो, हे सगळं ऐकीव. माझ्यापुरती गोष्ट सुरू झाली डिसेंबर 2004 मध्ये. दिल्लीच्या भारती प्रसाद हॅम रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन मेले, आणि त्यांच्या संचावरून अंदमानातल्या माणसांची खुशाली घरोघर पोचू लागली. ते वाचलं आणि परीक्षेला बसायचं ठरवलं. तेव्हा द्वितीय श्रेणीलाही मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मॉर्स घ्यावं लागे. बायको पोळ्या लाटायची आणि मी ओट्यावर चमच्याने कट्ट-कड कट्ट वाजवत बसायचो. पास झालो, पण परवाना हाती यायला दीड वर्ष लागलं. कागद कुठे अडकला होता, ते आजवर कळलेलं नाही.

मग 2010 मध्ये जिप्सी आली. ताफ्याने डोंगर-वाळवंट फिरणाऱ्या एका ग्रुपबरोबरची तिथून पुढची सात-आठ वर्षं माझी खरी वर्षं.

लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात केबल आणि कनेक्टर घेतले. जिप्सी सॉफ्टटॉप, डोक्यावर कापड. अँटेनाला खाली लोखंडी पत्रा लागतो, पत्रा हा तिचा निम्मा भाग असतो. छप्परच नाही म्हटल्यावर जागा उरली मडगार्डची. नव्या गाडीला ड्रिल लावताना हात कापत होता. 145 मेगाहर्ट्झसाठी पाव लांबीची काडी भरते साधारण 49 सेंटिमीटर. ती बसवली, मीटर लावला, तर एसडब्ल्यूआर तीनच्या वर. म्हणजे संचातून निघालेल्या ताकदीचा काही भाग बाहेर न जाता परत फिरत होता. असंच बोलत राहिलो असतो तर संच जळाला असता. दोन दिवस मी काडीला दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी वॉशर काढला तर खाली कंपनीचा पांढरा रंग तसाच! अँटेनाचं बूड पत्र्याला टेकलेलंच नव्हतं. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली. पत्रा चमकला, गंज चढू नये म्हणून त्यावर व्हॅसलीनचं बोट फिरवलं, नट आवळला. काटा दीडच्या खाली आला. मग काडी दोन-दोन मिलिमीटर कापत 1.2 वर आणून सोडली. अँटेना उजव्या पुढच्या कोपऱ्यात असल्यामुळे आवाज मागे डावीकडे जास्त पोचायचा, हे पुढे वापरून कळलं. ताफ्यात मी पुढेच असायचो, त्यामुळे ते पथ्यावरच पडलं.

वीज आधी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली होती. पन्नास वॅटचा संच बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, ती तार गरम व्हायची. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की माझ्या बोलण्यामागे अल्टरनेटरची शिट्टी चढत जायची, असं समोरचे सांगायचे. शेवटी बॅटरीपासून थेट जाड तारा आणल्या, दोन्ही तारांना बॅटरीशेजारीच फ्यूज. ग्रुपमधला एक जण तेव्हा म्हणाला होता, ‘‘मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?’’ पुढे स्पीतीला जाताना छतडूपुढच्या एका नाल्यात त्याचीच गाडी अडकली. फोनला रेंज नव्हती. मागच्या गाडीतल्या आमच्या हॅमने हाक दिली आणि आम्ही दोन किलोमीटरवरून दोर घेऊन परत फिरलो. त्याने त्यानंतर तो प्रश्न काढला नाही, मीही त्याला आठवण करून दिली नाही. आज देतो.

ताफ्यात आम्ही तिघेच परवानाधारक. एक पुढच्या गाडीत, एक मधल्या, एक शेवटच्या. बाकीच्यांना आपला निरोप आमच्यापैकी कुणाच्या तरी खिडकीशी येऊन सांगावा लागे. आधी ऐकायचं, वाट मोकळी असेल तरच बटण दाबायचं, आपलं संकेतनाव सांगायचं, दोन वाक्यांत संपवायचं. वाळूच्या टेकडीवर याचं मोल कळतं. माथा गाठायला वेग लागतो आणि माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. पलीकडची गाडी उतरून बाजूला झाली की तिथून ‘मोकळं’ असं येतं. मगच पुढच्याने निघायचं. त्या एका शब्दावर आम्ही वर्षानुवर्षं टेकड्या चढलो.

मग 2012 च्या सुमारास चीनचे स्वस्त संच आले. दोन-तीन हजारांत हातात मावणारा, 136 पासून 174 मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकणारा. पोलिसांच्या वाहिनीवरसुद्धा. घरपोच. परवाना विचारणारं कुणी नाही. सोहना, दमदमाकडे दर रविवारी निघणाऱ्या ताफ्यांत प्रत्येकाच्या हाती तो दिसू लागला. मी ओरडलो, नियम सांगितले, ‘अंकल’ झालो. संच वाईट नव्हता, एवढं मान्य करतो. ऐकण्याची सवय मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

जैसलमेरची ती सकाळ अशीच. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, आयोजक दुसरेच. पलीकडच्या उतारावर एक गाडी रुतली आणि तिच्यातल्या मुलाने हातातल्या संचावर ‘थांबा’ म्हटलं. त्याच क्षणी ताफ्यातलं कुणीतरी मोठ्या संचाचं बटण दाबून गाणं म्हणत होतं. एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर जोरकस लहर दुबळीला गिळून टाकते, तिचा मागमूसही उरत नाही. आम्हाला फक्त गाणं ऐकू आलं. चढणारी गाडी माथ्यावरून तशीच पलीकडे गेली आणि रुतलेल्या गाडीवर आदळून कलंडली. चालवणाऱ्या पोराच्या गळपट्टीचं हाड मोडलं. बावीस वर्षांचा पोरगा. पाण्याची बाटली त्याच्या ओठांना लावताना माझाच हात थरथरत होता. त्यानंतर मी परक्या ताफ्याबरोबर गेलो नाही.

म्हणून 2025 च्या त्या नोटिसांचा मला राग येतो. त्या योग्यच आहेत, पण तेरा वर्षं उशिरा आल्या. 2018 मध्ये 446 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या हातसंचांना विनापरवाना खुला झाला. छोट्या ताफ्याला तो पुरतो. त्याचा गाजावाजा कुणी केला नाही. तो वापरायला कुणी शिकवलं नाही. अजूनही नव्या थारवाल्यांपैकी दहातल्या एकाला तरी तो माहीत असेल का, मला शंका आहे.

संच आता गॅलरीत आहे, बारा व्होल्टच्या सप्लायवर. संध्याकाळी 145 वर कान देऊन बसतो. कधी दोघं बोलतात, बहुतेक वेळा कुणीच नसतं. परवा पुतण्याचा फोन आला.

‘‘काका, डेंटिंगवाला म्हणतोय मडगार्डचं भोक भरून रंग मारून देतो. भरू का?’’

‘‘भरू नकोस. रबरी बूच लाव, पाणी आत जाऊ देऊ नकोस. आणि वॉशरखालची जागा घासलेली आहे, तिथे व्हॅसलीन लावत जा.’’

‘‘कशासाठी?’’

त्याला म्हटलं, डिसेंबरात येतोय, तेव्हा सांगेन.