शिंगराचा विमा : माळेगावच्या बाजारातल्या समजुती आणि वस्तुस्थिती

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात अर्धापूरच्या केळी-हळदीच्या पट्ट्यातलाही एखादा शौकीन शेतकरी दोन-अडीच वर्षांचं शिंगरू हेरतो. चाल बघितली जाते, मान आणि कानांची ठेवण बघितली जाते, अंगावरचे भोवरे एकेक करून तपासले जातात. विम्याचा विषय निघाला की मात्र कुणीतरी कुठेतरी ऐकलेलं सांगतो आणि तेवढ्यावर भागतं. कोवळ्या जनावरात लाखभर रुपये घालणाऱ्या माणसाला या ऐकीव गोष्टी फार महाग पडतात.

पहिली समजूत अशी की विमा गायी-म्हशींचा असतो, घोड्याला कोण विचारतो? वस्तुस्थिती वेगळी आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या पशुविम्यात दुभत्या जनावरांबरोबर ओझ्याची जनावरंही धरलेली आहेत आणि त्यांत घोडे, तट्टू, गाढवं, खेचरं, उंट यांची नावं स्पष्ट आहेत. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या अभियानात बदल केले आणि पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला. उरलेला भार केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात. समजा, ८० हजारांचं घोडं आहे आणि हप्त्याचा दर तीन टक्के ठरला. वर्षाचे २,४०० रुपये होतात, त्यातले पशुपालकाने भरायचे ३६०. योजना आपल्या तालुक्यात त्या वर्षी कोणत्या कंपनीमार्फत चालू आहे आणि शौकासाठी पाळलेलं तरणं घोडं तिच्यात बसतं का, हे पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारावं. योजनेत बसलं नाही तर सर्वसाधारण विमा कंपनीच्या शाखेत जाऊन पूर्ण हप्ता भरून विमा घेण्याचा मार्ग उरतो. घोड्याचं प्रकरण शाखेत क्वचित येतं. खिडकीवर ‘होत नाही’ असं उत्तर मिळालं तर शाखाधिकाऱ्याला भेटावं, तेवढ्याने माघारी फिरू नये.

खेदाची गोष्ट ही की मागणीच घटत चालली आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाख उरले. २०१२च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून जास्त आहे. घोडी कमी म्हणून विमे कमी, विमे कमी म्हणून माहितीही कमी.

दुसरी समजूत किमतीची. ‘सव्वादोन लाखांना घेतलाय, तेवढ्याचाच विमा काढा.’ बाजारातली किंमत बऱ्याचदा कपाळावरच्या पट्ट्याला, चार पांढऱ्या पायांना, देवमणीच्या भोवऱ्याला पडलेली असते. सरकारी योजनेत घोड्याची किंमत मालक आणि विमा कंपनी यांनी पशुवैद्यकासमोर बसून ठरवायची असते. कंपनीच्या स्वतःच्या पॉलिसीतही दावा मंजूर होताना साधारणपणे विमा रक्कम आणि मृत्यूआधीची बाजारातली किंमत यांत जी कमी, ती हाती येते. फुगवलेल्या आकड्यावर हप्ता तेवढा जास्त जातो, भरपाई वाढत नाही. याच्या उलटही घडतं. हप्ता वाचवायला किंमत निम्मी लिहिली तर घोडं गेल्यावर निम्मीच रक्कम मिळते. म्हणून बाजार समितीची किंवा यात्रेतल्या खरेदीची पावती खऱ्या आकड्याची घ्यावी आणि जपून ठेवावी.

वयाबद्दल तर विकणारा सांगेल ते पक्कं धरायचं असा रिवाजच पडला आहे. पॉलिसीला वयाची खालची मर्यादाही असते आणि वरचीही, आणि ती कंपनीगणिक बदलते. दूध पिणारं शिंगरू अनेकदा त्यात बसतच नाही. वय मात्र दात सांगतात. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनच्या सुमारास, कडेची साडेचारला. पाच वर्षांत तोंड भरतं. त्यामुळे ‘चार वर्षांचा, बसायला तयार’ म्हणून दाखवलेल्या घोड्याची कडेची जोडी दुधाची दिसली तर त्यात नवल नाही, पण मधल्या जोडीशेजारचे दातही दुधाचेच असतील तर वयात थाप आहे. विमा काढताना पशुवैद्यक आरोग्याचा दाखला देतो, त्यात वय लिहिलं जातं. दाव्याच्या वेळी शवविच्छेदन करणारा डॉक्टर तेच दात पुन्हा बघतो आणि दोन कागदांतलं वय जुळलं नाही की प्रकरण अडकतं.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. ‘माझा घोडा अख्खं गाव ओळखतं’ असं मालक म्हणतो. विमा कंपनी गावाला विचारत नाही, ती कागद बघते. गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, घोड्याच्या कानात बिल्ला मारायला मालक सहसा तयार होत नाही आणि ते समजण्यासारखं आहे. मग ओळख उरते ती वर्णनाची. ‘लाल रंग, कपाळावर टिका’ एवढं लिहिलं तर माळेगावच्या एकाच रांगेत तशी दहा घोडी मिळतील. वर्णनात रंगाची नेमकी जात यावी. टिका कुठून कुठपर्यंत, कोणता पाय कुठवर पांढरा, मानेवर, छातीवर, बरगडीशी भोवरे कुठे आणि कोणत्या बाजूला, डागण्या किंवा जुने व्रण, हे सगळं यावं. भोवरे जन्मभर बदलत नाहीत. शुभ-अशुभ पाहण्यासाठी मराठवाड्यातल्या पारख्यांनी पिढ्यानपिढ्या जी नजर तयार केली, ती विम्याच्या कागदावर फार उपयोगी पडते. रंगाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी : राखी दिसणारं शिंगरू वयाबरोबर पांढरं होत जातं, त्यामुळे ‘राखी’ एवढ्याच शब्दावर पाच वर्षांनी वाद होऊ शकतो. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून आणि मालकासह असे फोटो काढून ठेवावेत. शक्य असेल तर मानेत मायक्रोचिप बसवून घ्यावी आणि तिचा क्रमांक पॉलिसीवर छापून घ्यावा. माझं मत विचाराल तर दोन कंपन्यांच्या हप्त्यातल्या शे-दोनशे रुपयांच्या फरकापेक्षा चिपवर पैसे आधी खर्च करावेत.

आता त्या समजुतीकडे वळू, जिच्यामुळे यात्रेनंतरचा महिना सर्वांत धोक्याचा ठरतो. ‘पैसे भरले, पावती मिळाली, आजपासून चिंता नाही.’ पशुविम्यात आजाराने झालेल्या मृत्यूसाठी सुरुवातीचे पंधरा दिवस साधारणपणे संरक्षण नसतं; अपघात तेवढा धरला जातो. आणि बाजारातून आणलेल्या तरण्या घोड्यावर संकट येतं ते नेमकं याच पंधरवड्यात. हजारो जनावरं एकत्र आलेली असतात, पाणी एकाच हौदातलं असतं. जबड्याखाली गाठी येऊन ताप भरणारा ‘स्ट्रँगल्स’ हा संसर्ग तरण्या घोड्यांनाच जास्त गाठतो आणि लागण झाल्यावर साधारण तीन ते चौदा दिवसांत दिसू लागतो. दुसरा धोका पोटशुळाचा. घोड्याला उलटी करता येत नाही. बाजारात कडब्यावर असलेल्या शिंगराला घरी आणल्यावर कौतुकाने हरभरा आणि गुळाचा मारा केला की पोट फुगतं आणि रात्रीत जनावर हातचं जाऊ शकतं. पॉलिसी हातात असते, भरपाई नसते.

यावर उपाय आहेत. नवं घोडं दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळं बांधावं, पाण्याची बादलीही वेगळी ठेवावी. चंदी एकदम बदलू नये, आठवडाभरात हळूहळू वाढवावी. आणि विम्याचा अर्ज सौद्यानंतर लगेच करावा, म्हणजे पंधरा दिवसांचं गणित लवकर संपतं. धनुर्वाताची लस राहिली असेल तर तीही याच दिवसांत टोचून घ्यावी. खिळा लागलेला पाय आणि धनुर्वात हे घोड्याच्या बाबतीत जुनंच समीकरण आहे, आणि ज्या आजाराला लस आहे तिथे ती न दिल्याचं कारण कंपनी पुढे करू शकते.

दवाखान्याचा खर्च विम्यातून निघतो, असाही पुष्कळांचा समज असतो. नेहमीच्या पशुविम्यात भरपाई मृत्यूची असते. सलाइन, औषधं, डॉक्टरची भेट यांचा पैसा मालकाचाच. घोड्याच्या बाबतीत यात एक मोठी पोकळी राहते. घोडं मरण्यापेक्षा लंगडं होण्याची शक्यता जास्त आणि लंगडं घोडं मालकाच्या दृष्टीने बसूनच असतं. त्यासाठी ‘कायमचं पूर्ण अपंगत्व’ हे जोड-संरक्षण वेगळा हप्ता भरून मागून घ्यावं लागतं. त्यात विमा रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाईची तरतूद आढळते. पाय मोडलेल्या घोड्याला वेदनेतून सोडवायचं असेल तरी पशुवैद्यकाचा लेखी दाखला आणि कंपनीला कळवणं आधी हवं, कारण जाणूनबुजून मारलेलं जनावर विम्यात बसत नाही.

अर्जातल्या ‘वापर’ या रकान्याकडे मालक काणाडोळा करतात. शौकासाठी म्हणून लिहिलेलं घोडं लग्नसराईत वरातीला धाडलं, शर्यतीत पळवलं किंवा टांग्याला जुंपलं आणि तिथे अपघात झाला, तर कंपनीला न कळवता केलेला वापर हे नकाराचं कारण होतं. वरातीतलं काम हलकं समजू नये. डीजे, फटाके, डांबरी रस्ता आणि कधी घोड्यावर न बसलेला नवरदेव, हे कोवळ्या घोड्याला परीक्षाच असते. वरातीचं उत्पन्न घ्यायचं असेल तर ते सुरुवातीलाच लिहावं, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. चोरी मात्र बहुतेक पशुविम्यांत वगळलेलीच असते. टेम्पोतून लांबच्या बाजाराला नेतानाचा अपघात धरला आहे का आणि किती अंतरापर्यंत, हेही विचारून घ्यावं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाणाऱ्याने तर नक्कीच.

ग्लँडर्सबद्दल दोन शब्द. हा जीवाणूजन्य रोग माणसालाही होतो. २००६ साली देशात त्याने पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा महाराष्ट्रातली घोडी त्यात होती. रक्ततपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पक्की झाली की २००९च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली त्या घोड्याला दयामरण द्यावं लागतं. त्याची नुकसानभरपाई सरकारकडून मिळते, ती विम्याहून वेगळी वाट आहे. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर लपवू नये.

आणि घोडं गेलंच तर? दुःखाच्या भरात लगेच पुरून टाकतात आणि दावा तिथेच संपतो. आधी कंपनीला फोन आणि लेखी सूचना, मग पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन, मृत जनावराचे फोटो, चिप असेल तर तिचा क्रमांक वाचून घेणं. सरकारी योजनेत दाव्यासाठी कंपनीला दिलेली पहिली सूचना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदन अहवाल एवढीच कागदपत्रं लागतात आणि ती पूर्ण असली की पंधरा दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे. मृत्यूच्या कारणावर शंका असेल तर परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं या भागाला जवळ आहेत. नकार आलाच तर तो लेखी घ्यावा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी लागत नाही.

शिंगरू पुढच्या यात्रेत विकलं तर उरलेल्या मुदतीची पॉलिसी नव्या मालकाच्या नावे करून देता येते. सौद्याच्या पावतीबरोबर तोही कागद द्यावा.