महागड्या हेडफोनसाठी अॅम्प्लिफायर घेताय? आधी कानाचा हिशेब मांडा

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपवर काम करणारा तिशीतला तरुण मध्यंतरी ओपीडीत आला. तक्रार कानाची नव्हतीच. बोनसच्या पैशांतून त्याने चांगला हेडफोन घेतला होता. पहिले काही दिवस मजा आली, पण आता आवाज ‘दबका’ वाटतो, घुंगरू आणि टाळ पूर्वीसारखे खणखणीत ऐकू येत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. मित्रांनी सांगितले की अशा हेडफोनला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. त्याने मोठा अॅम्प्लिफायर बघूनही ठेवला होता. बायकोने मात्र आधी डॉक्टरांना विचारा म्हणून पाठवले.

ऑडिओमेट्री केली. ४००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही कानांचा आलेख खाली घसरलेला होता. सततच्या मोठ्या आवाजाने कान खराब होतात तेव्हा आलेखात सहसा हाच खड्डा दिसतो. हेडफोन ठणठणीत होता. अॅम्प्लिफायर घेतला असता तर आवाज वाढला असता, थोडे बरेही वाटले असते आणि खड्डा आणखी खोल झाला असता.

म्हणून अॅम्प्लिफायर कसा निवडावा हे एका कानाच्या डॉक्टरने सांगायला हरकत नाही. संगीत ऐकू नका असे मी कुणालाच सांगत नाही. चौफुल्याच्या संगीत बारीतली ढोलकी ज्याने समोर बसून ऐकली आहे, त्याला फोनच्या स्पीकरवर समाधान मिळणार नाही, हे मला मान्य आहे.

अॅम्प्लिफायर लागतो का?

बहुतेकांना लागत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये अॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, त्यामुळे बिनतारी ऐकताना बाहेरच्या अॅम्प्लिफायरचा काही उपयोग नाही. वायरच्या हेडफोनसाठी बॉक्सवरचे दोन आकडे बघा. एक ओहममधला, म्हणजे हेडफोनचा विद्युत अडथळा. दुसरा डेसिबलमधला, म्हणजे ठरावीक वीज दिली की हेडफोन किती मोठा वाजतो. दुसऱ्या आकड्यात एक गोम आहे. काही कंपन्या तो १ मिलीवॉटला देतात, काही १ व्होल्टला. दोन्ही आकडे सरळ एकमेकांसमोर ठेवले तर फसगत होते. ३२ ओहमच्या हेडफोनला या दोन पद्धतींत १५ डेसिबलचा फरक पडतो, ३०० ओहमच्याला साधारण ५ चा.

एक उदाहरण घेऊ. हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि १ व्होल्टला १०३ डेसिबल वाजतो. तुम्ही सरासरी ७५ डेसिबलवर ऐकता. एवढ्याला मिलीवॉटचा शंभरावा भागही लागत नाही. गाण्यातले ढोलकीचे थाप, तबल्याचे ठोके सरासरीपेक्षा साधारण २० डेसिबल वर जातात असे धरू. काही जुनी रेकॉर्डिंग मुळातच हळू असतात, त्यासाठी आणखी १० धरू. झाले १०५. त्यासाठी सव्वा व्होल्टच्या आसपास, म्हणजे जेमतेम ५ मिलीवॉट पुरतात. फोनला लावायचा छोटासा चांगला डोंगल १ ते २ व्होल्ट देतो. म्हणजे ज्या हेडफोनसाठी लोक वीटेएवढा अॅम्प्लिफायर शोधतात, त्याचे काम अनेकदा बोटाएवढ्या डोंगलवर होते.

खरी गरज पडते ती कमी संवेदनशील हेडफोनना. काही मोठे प्लेनर जातीचे हेडफोन १ मिलीवॉटला ८४ डेसिबलच्या आसपासच वाजतात. त्यांना तेच १०५ डेसिबल गाठायला सव्वाशे मिलीवॉट लागतात आणि ते डोंगलला झेपत नाही. तिथे टेबलावरचा अॅम्प्लिफायर घ्यावा.

आता उलटी बाजू. ‘१००० मिलीवॉट’ असे ठळक छापलेला अॅम्प्लिफायर घेतला आणि त्याला १ मिलीवॉटला १०५ डेसिबल वाजणारा साधा इअरफोन लावला, तर गणिताने आकडा १३५ डेसिबलपर्यंत जातो. इअरफोन त्याआधीच फाटेल कदाचित, पण कानाने त्याची वाट का बघावी? घरात लहान मूल असेल, नॉब फिरवायची हौस असेल, तर हा धोका पुस्तकी नाही.

फोनचा पहारा सुटतो

ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. बऱ्याच फोनमध्ये आवाज जास्त झाला की सूचना येते, काही फोन आठवड्याचा हिशेबही ठेवतात. बाहेरचा अॅम्प्लिफायर लावला की फोनला पुढे काय चालले आहे ते कळत नाही. फोनच्या लेखी आवाज मध्यम असतो आणि कानात तो कितीही असू शकतो. अॅम्प्लिफायर घेणे म्हणजे ही राखण स्वतःच्या अंगावर घेणे.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी मर्यादा सुचवली आहे. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास. हे सगळे आठवड्याचे आहे, दिवसाचे नाही. ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. नॉब किंचित पुढे सरकला आणि आठवड्याची शिदोरी बुधवारीच संपली, असे होते.

ही मर्यादा हौसेने ऐकण्यासाठी आहे. कारखान्यातले नियम वेगळे आणि सैल आहेत. आपल्याकडे ८ तासांसाठी ९० डेसिबल धरले जातात. पण कानाला कंपनीचा आवाज आणि करमणुकीचा आवाज असा भेद कळत नाही. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभ इथल्या मोठ्या आवाजाच्या विभागात काम करणाऱ्याने शिफ्टमध्ये इअरमफ किंवा इअरप्लग वापरले नाहीत, तर घरी ऐकायला काही शिल्लक उरत नाही. ८५ डेसिबलला वरची आठवड्याची मर्यादा साडेबारा तासांची येते, म्हणजे दोन शिफ्टही पुऱ्या होत नाहीत. गळीत हंगामात गाणी लावून उसाचे ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावे. इंजिनच्या वर आवाज काढायचा म्हणजे तो केवढा काढावा लागतो!

मशीनच्या आवाजावर मात करायला कानात इअरफोन घालून गाणी ऐकणे हा तर सरळ तोट्याचा व्यवहार आहे. इअरफोन म्हणजे इअरमफ नव्हे.

शिफ्टवरून आल्या आल्या आवाज लावू नका

मोठ्या आवाजातून बाहेर आल्यावर कान काही तास बधिर असतात. मिरवणुकीतून आल्यावर ‘कान बंद झाले’ असे वाटते ना, तेच. अशा वेळी नॉब जिथे ‘बरोबर’ वाटतो, ती जागा प्रत्यक्षात फार पुढची असते. आवाजाची पातळी ठरवायची ती सुट्टीच्या दिवशी सकाळी, शांत खोलीत. अगदी कमीपासून सुरू करा, शब्द स्पष्ट कळू लागले की थांबा आणि नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. हेडफोन बदलला तर ठिपकाही नव्याने.

म्हणूनच मी अॅम्प्लिफायर निवडताना ताकदीपेक्षा नॉबचा पल्ला बघायला सांगतो. तुमची नेहमीची पातळी नॉबच्या मध्याच्या आसपास यावी. जराशा स्पर्शाने आवाज फुटत असेल तर तो अॅम्प्लिफायर त्या हेडफोनसाठी जास्तच आहे. ‘लो गेन’चे बटण असलेला घ्या आणि ते लो वरच ठेवा.

नॉब अगदी सुरुवातीला असताना बऱ्याच स्वस्त अॅम्प्लिफायरमध्ये डावा-उजवा आवाज सारखा येत नाही. त्यामुळे ‘डॉक्टर, एका कानाने कमी येतंय’ म्हणून घाबरून आलेले लोक मी पाहिले आहेत. घरी करता येईल अशी एक चाचणी आहे: हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. कमी आवाजाची बाजू हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष यंत्रात. ती त्याच कानाला राहिली तर दोष कानात, आणि मग उशीर करू नका.

आणखी एक-दोन बारीकसारीक गोष्टी. अॅम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा, नाहीतर आवाजाचा पोत बदलू शकतो. सुरू-बंद करताना काही यंत्रे ‘फट्’ असा धक्का देतात, तेव्हा हेडफोन डोक्यावर नसावा. धातूच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग तपासून घ्या. वस्तीवरच्या जोडण्यांमध्ये ही अडचण नेहमीची. अॅडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक हवा.

घर दौंड स्टेशनच्या जवळ असेल किंवा नगर रस्त्याला लागून असेल, तर उघड्या पाठीचा हेडफोन घेऊ नका, आवाज कितीही मोकळा आणि सुंदर असला तरी. गाडी गेली की हात नॉबकडे जातो, गाडी निघून जाते आणि नॉब तिथेच राहतो. बंद पाठीचा हेडफोन अशा घरात कमी आवाजात काम भागवतो. मात्र रात्री मोटर चालू करायला रानात जाताना बंद हेडफोन कानावर नको. शिरूर तालुक्यात बिबट्याचा वावर आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वडिलांसाठी अॅम्प्लिफायर?

‘वडिलांना टीव्ही ऐकू येत नाही, हेडफोन आणि अॅम्प्लिफायर घेऊन देऊ का?’ रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची मुले हा प्रश्न हमखास विचारतात. तात्पुरता उपयोग होईलही. पण अॅम्प्लिफायर सगळेच आवाज सारखे वाढवतो. वयाने किंवा आवाजाने गेलेल्या कानात सहसा बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेलेले असतात आणि जाड आवाज शाबूत असतात. म्हणून हे रुग्ण म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही. ‘स’ आणि ‘श’ निसटतात. सगळेच वाढवले तर शाबूत भागावर मारा होतो. श्रवणयंत्र त्या कानाच्या आलेखानुसार हवे तिथेच वाढवते आणि वर मर्यादाही घालते. तेव्हा आधी आलेख, मग यंत्र. शिरूर-दौंडकरांना पुण्यात ससून रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल.

कधी थांबायचे नाही?

एका कानाचे ऐकू येणे अचानक, तासा-दोन तासांत किंवा एका रात्रीत कमी झाले तर ती तातडीची बाब आहे. पहिल्या ७२ तासांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पोहोचा. उपचार जितके लवकर, तितकी ऐकू येण्याची शक्यता जास्त. मळ असेल म्हणून तेल घालत आठवडा काढलेले रुग्ण बघितले की वाईट वाटते. चक्कर, कानातून स्राव, एकाच कानात सतत शिट्टी किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज असेल तरी दाखवा.

आवाजाने गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही. आतल्या कानात जन्मतः साधारण १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. मात्र कारखान्यातल्या आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्याने नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर तपासणीचे कागद जपून ठेवा.

त्या तरुणाला मी अॅम्प्लिफायर घेऊ नको असे सांगितले नाही. सहा महिने शिफ्टमध्ये इअरमफ वापर, हेडफोन डोंगलवर ऐक आणि पुन्हा आलेख काढू, असे ठरले. तपासणीला येताना आदल्या दिवसापासून किमान १६ तास मोठ्या आवाजापासून लांब राहायचे असते, नाहीतर कान बधिर असतानाचाच आलेख निघतो. रात्रपाळी करून थेट येऊ नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी या, आणि तुमचा हेडफोन बरोबर आणा.