रक्तातील सोडियमची न्यूनता : स्वरूप, निदान व उपचार

रक्तद्रवातील सोडियमचे प्रमाण सर्वसाधारणपणे १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असते. ते १३५ च्या खाली जाणे म्हणजे हायपोनॅट्रेमिया होय. 'मीठ कमी झाले' असे नातेवाइकांना सांगितले जाते आणि घरी आमटीत मीठ वाढविले जाते. वस्तुतः बहुतेक रुग्णांत मिठाचा तुटवडा नसून पाण्याचे आधिक्य असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांमध्ये ही न्यूनता आढळली. वजन वाढण्याइतके द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते.

वृद्धांमध्ये रक्तदाबावरील थायझाइड औषधे, हृदय वा यकृताचे विकार आणि मूत्ररोधी संप्रेरकाचा अनुचित स्राव यांचा विचार प्रथम करावा लागतो. त्यासाठी लघवीची तर्षणता व तीतील सोडियम तपासणे आवश्यक ठरते. ही साधी तपासणी अनेकदा राहून जाते.

सोडियम घटल्याने पाणी पेशींत शिरते व मेंदूस सूज येते. झटके वा बेशुद्धी असल्यास ३ टक्के सलाइन तातडीने द्यावे लागते. तथापि न्यूनता सावकाश आलेली असल्यास मेंदूने तिच्याशी जुळवून घेतलेले असते. अशा वेळी घाईने भरपाई केल्यास मज्जातंतूंचे आवरण नष्ट होऊन बोलणे, गिळणे व हालचाल कायमची बाधित होऊ शकते. म्हणून २४ तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा अधिक वाढ सामान्यतः होऊ देत नाहीत. संप्रेरकाच्या अनुचित स्रावात नेहमीच्या सलाइनने सोडियम आणखी घटू शकते. तेथे पाणी मोजून देणे हाच पहिला उपचार होय.