खांदेरीची बत्ती

आमच्या सुप्याहून समुद्र रस्त्यानं दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. पारनेर तालुक्यात पाणी म्हटलं की विहीर, पाझर तलाव नाहीतर टँकर, त्यामुळे दीपगृहाचं आम्हाला काय कौतुक, असं कुणी विचारलं तर गैर नाही. पण दुरून ओळखू येईल अशी खूण उंचावर उभारायची हौस घाटावरही जुनीच आहे. नगरच्या पूर्वेला शहा डोंगरावर निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि कोसभर दूर असतानाच ‘नगर आलं’ म्हणून सांगतात. जेजुरीच्या दीपमाळाही तशाच उंच. मात्र दीपमाळ उजळते ती सणावाराला, देवासाठी. दीपगृह रोज रात्री पेटतं, आणि तेही ज्याचं नावगाव माहीत नाही अशा माणसासाठी. मला त्याचं आकर्षण आहे ते यामुळे.

महाराष्ट्रातलं सर्वांत नाट्यमय दीपगृह कोणतं, तर माझ्या मते खांदेरीचं. उंचीनं कुलाब्याचं प्रोंग्ज दीपगृह मोठं असेल, पण खांदेरीची कहाणी दुसऱ्या कुणाला नाही. मुंबई बंदराच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर हे लहानसं बेट आहे. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये तिथं तट बांधायला माणसं पाठवली. काम मायनाक भंडाऱ्याच्या देखरेखीखाली सुरू झालं आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. बंदरात शिरणारं-निघणारं प्रत्येक जहाज या खडकावरून दिसणार होतं. त्यांनी गलबतं पाठवून वेढा घातला. ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली, त्यात इंग्रजांची ‘डव्ह’ ही नौका मराठ्यांच्या हाती लागली. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून रसद पोहोचवत राहिल्या आणि जड जहाजं बघत बसली. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. शेजारच्या उंदेरीवर सिद्दीनं आपला तट उभारला, म्हणून हे दोन बेटांचं भांडण पुढे बराच काळ धुमसत राहिलं. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या खांदेरीवर पुन्हा चाल केली. त्यालाही हात हलवत परतावं लागलं.

आणि 1867 मध्ये त्याच बेटावर दीपगृह पेटलं. ज्या खडकाची मुंबईच्या जहाजांना धास्ती होती, तोच खडक आता त्यांना वाट दाखवू लागला. पुढे या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचंच नाव मिळालं. इतिहासानं केलेली ही थट्टा कान्होजींना आवडली असती, असं आपलं मला वाटतं. तट, तोफा, कोळ्यांचा वेताळ आणि दिवा, सगळं एकाच बेटावर नांदतं. 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे.

दीपगृह उंच का, याचं उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. चाळीस मीटरवरचा दिवा पाण्याच्या पातळीवरून साधारण बावीस-तेवीस किलोमीटरपर्यंत दिसतो. त्यापुढे तो क्षितिजाखाली जातो, कितीही प्रखर असला तरी. कुलाब्याच्या टोकाशी खडकांच्या रांगेवर 1875 मध्ये उभं राहिलेलं प्रोंग्ज साधारण तेवढंच उंच आहे. त्याच्या अंगावर रंगाचे आडवे पट्टे आहेत, कारण दिवसा बत्तीचा उपयोग नसतो. तेव्हा बुरूजच ओळखू यायला हवा.

उंचीचं गणित जुनंच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाला उभारलेला फारोस जगातल्या सात आश्चर्यांत गणला गेला तो त्यासाठीच. खरी अडचण होती प्रकाशाची. तेलाच्या दिव्याचा उजेड चहूकडे सांडतो, समुद्राकडे जातो त्यातला थोडाच. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं 1820 च्या दशकात त्यावर तोड काढली. एका अवजड भिंगाऐवजी त्यानं मधे लहान भिंग ठेवलं आणि भोवती काचेच्या लोलकांची कडी बसवली. आडवा चिरलेला कांदा समोर धरावा, तशी एकात एक वर्तुळं. वर-खाली जाणारा उजेड हे लोलक वळवून क्षितिजाकडे धाडतात. अशी कित्येक मणांची काच पुढे पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवली जाऊ लागली, म्हणजे बोटाच्या धक्क्यानंही फिरावी. फिरवायला वजनांवर चालणारं घड्याळाचं यंत्र असे, आणि त्याला रात्रीतून पुन्हापुन्हा चावी द्यावी लागे. जिने चढून ते करणारा माणूस झोपला, तर दिवा फिरायचा थांबे.

फिरायचं कशासाठी? नुसता जळता दिवा किनाऱ्यावर कुठलाही असू शकतो. म्हणून प्रत्येक दीपगृहाला झपक्यांची स्वतःची लय दिलेली असते. कुणी ठरावीक सेकंदांत एकदा चमकतं, कुणी लागोपाठ दोनदा चमकून थांबतं. तांडेल सेकंद मोजतो, नकाशाशी ताडतो आणि आपण कुठं आहोत ते जाणतो. समुद्रावर उजेड पाडणं हे दीपगृहाचं कामच नव्हे. स्वतःची ओळख सांगणं एवढंच त्याचं काम.

उपग्रहांनी ते काम बरंचसं काढून घेतलं. रॉकेलच्या बत्त्या गेल्या, वीज आली, आता एलईडी. 1927 चा दीपगृह कायदाही गेला आणि 2021 मध्ये त्याच्या जागी नवा आला. तरीही बत्त्या विझवलेल्या नाहीत, कारण उपकरण बंद पडलं तर डोळ्यांना काहीतरी दिसायला हवं. उलट सरकार आता दीपगृहांकडे पर्यटनाच्या नजरेनं पाहतं. 2024 च्या फेब्रुवारीत पर्यटनाच्या सोयी केलेली 75 दीपगृहं देशाला अर्पण झाली.

दिवाळीनंतर समुद्र निवळतो, आणि घाटावरून निघायचं तर हाच मोसम. गोव्याला जाणाऱ्यांनी आग्वादचं 1864 चं पोर्तुगीज दीपगृह चुकवू नये. ज्यांना होडीची धास्ती आहे त्यांनी रेवदंड्याजवळ कोर्लई गाठावं. किल्ल्याच्या पायथ्याशीच दीपगृह आहे, आणि तिथपर्यंत जमिनीवरूनच जाता येतं. खांदेरीला मात्र होडीशिवाय इलाज नाही. थळला जाऊन कोळ्यांना विचारावं, आणि भरती-ओहोटीची वेळ ते सांगतील तीच खरी धरावी.