सुप्त कासदाहाच्या निदानात फझी लॉजिक

बेंगळुरू येथील येलहंका परिसरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ‘निवेदी’ ही पशुरोग साथविज्ञान व रोग माहितीशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. पशुरोगांचा जिल्हानिहाय पूर्वइशारा ही संस्था दोन महिने आधी देते. त्यात धोका अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च अशा श्रेणींत सांगितला जातो. श्रेणींचा हाच विचार एकेका जनावराच्या तपासणीसही लागू करता येतो. फझी लॉजिक, अर्थात धूसर तर्क, ही त्यासाठीची एक गणिती पद्धत आहे.

सुप्त कासदाहाचे उदाहरण घेऊ. या रोगात कास सुजत नाही, दूधही नासत नाही. मात्र उत्पादन घटते. दुधातील कायिक पेशींची संख्या प्रति मिलिलिटर २ लाखांच्या वर गेल्यास सामान्यतः संसर्गाची शंका घेतली जाते. या निकषानुसार १.९ लाख पेशी असलेली गाय निरोगी, तर २.१ लाखांची गाय संशयित ठरते. प्रत्यक्षात दोघींच्या कासेत फारसा फरक नसतो.

लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये फझी संचांची संकल्पना मांडली. तीनुसार एखादी गोष्ट एखाद्या गटात ० ते १ या दरम्यान कितीही अंशाने मोडू शकते. समजा, १ लाख पेशींना ‘जास्त’पणाचा अंश ० आणि ३ लाखांना १ दिला. मग वरील गाईंचे अंश ०.४५ व ०.५५ येतात.

पुढची पायरी नियमांची. ‘पेशी जास्त, दुधाची विद्युतवाहकता वाढलेली आणि दूध घटलेले, तर धोका उच्च’ असा नियम अनुभवी पशुवैद्यक बोलीभाषेत सांगतो. संगणक तो अंशांत मोजतो. दुसऱ्या गाईच्या वाहकतेचा अंश ०.७ व दूधघटीचा ०.६ असल्यास तिन्हींपैकी सर्वांत लहान, म्हणजे ०.५५, हे त्या नियमाचे बळ धरले जाते. नेदरलँड्स व जर्मनीतील संशोधकांनी स्वयंचलित दूधकाढणीच्या नोंदींवर ही पद्धत वापरून पाहिली आहे. यंत्राने दिलेल्या खोट्या इशाऱ्यांची छाननी करणे हा तिचा एक मुख्य उपयोग आहे.

विस्तार कार्यकर्त्यांना ही दृष्टी अपरिचित नाही. कॅलिफोर्निया मस्टायटिस चाचणीत द्रावण किती घट्ट झाले यावरून श्रेणी दिली जाते. ती श्रेणी केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी न नोंदवता प्रत्येक सडासाठी स्वतंत्र लिहावी. सोबत वेताचा क्रमांक, विल्यापासूनचे दिवस आणि रोजचे दूधही लिहावे. गाय व म्हैस, तसेच संकरित व देशी जनावरे यांच्या मर्यादा वेगळ्या ठेवाव्या लागतात. स्थानिक नोंदींशिवाय त्या ठरत नाहीत.

धूसर तर्काचे उत्तर म्हणजे निदान नव्हे. कोणते जनावर आधी तपासावे, एवढेच ते सुचवते. प्रतिजैविकाचा निर्णय दुधाच्या प्रयोगशाळा तपासणीनंतर पशुवैद्यकानेच घ्यावा. नोंदी चुकीच्या असतील, तर कोणतेही गणित त्या सुधारू शकत नाही.