बुरशी मारायची, माणूस राखायचा

कांद्यावर करपा आला की नामपूरचा शेतकरी पंप पाठीवर घेतो, बुरशीनाशक मारतो आणि पात वाचवतो. पण बुरशी माणसाच्या फुप्फुसात किंवा डोळ्यामागच्या पोकळीत शिरली तर? मग काम महाबिकट! कारण नात्यानं बुरशी झाडांपेक्षा आपल्याला जवळची आहे. तिच्या पेशीला मारणारं औषध आपल्या पेशीला सोडेल कसं?

अ‍ॅम्फोटेरिसिन-बीचं हेच दुखणं होतं. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे जबरदस्त औषध बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं आणि ते आवरण गळकं करतं. पण आपल्या पेशींच्या आवरणात असतं कोलेस्टेरॉल, रचनेनं बरंचसं तसंच. मग रुग्णाला हुडहुडी भरायची, ताप चढायचा, मूत्रपिंडं बिघडायची.

यावर मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या साथीनं काम केलं. औषधाचा रेणू त्यांनी बदललाच नाही. त्याला फक्त स्निग्ध पदार्थाच्या फुग्यात बसवलं! लेसिथिनसारख्या या पदार्थाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपट्या पाणी टाळतात. पाण्यात सोडले की हे रेणू शेपट्या आत लपवत दुहेरी भिंत रचतात आणि तिचा गोल आपोआप मिटतो. कुणी शिवत नाही, कुणी डकवत नाही! औषध बसतं ते या भिंतीतच. हा लायपोसोम. असे काही औषधी लायपोसोम इतके बारीक असतात की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी-शेजारी मावतील.

या संशोधनातून आलेलं औषध म्हणजे 'फंगिसोम'. ते रुग्णाला देण्याआधी त्याची पिवळसर कुपी ४५ मिनिटं ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवतात. कानाला ऐकू न येणारा तो आवाज कण फोडून बारीक करतो, तेही थेट रुग्णालयात! २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या लाटेत महाराष्ट्रभर नातेवाईक जे औषध वणवण करत शोधत होते, ते लायपोसोममधलंच अ‍ॅम्फोटेरिसिन.

फुग्यानं नेमकं काय साधलं? भिंतीत रमलेलं औषध सहजासहजी बाहेर पडत नाही. आपल्या पेशींना ते फारसं भिडत नाही, मूत्रपिंडांवरचा मारा कमी होतो. बुरशी भेटली की मात्र अर्गोस्टेरॉलची ओढ जिंकते.

आणि खरी कमाल पुढेच आहे. रक्तात परके कण दिसले की यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळतात. अ‍ॅम्फोटेरिसिन 'काळा आजार' या रोगाच्या परजीवीलाही मारतं. आणि हा परजीवी दडतो कुठे? नेमका याच पेशींत! म्हणजे शरीर स्वतःच औषध शत्रूच्या लपण्याच्या जागी पोचवतं. बिहारमध्ये अशा लायपोसोमी औषधाचा एकच डोस देऊन पाहिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: शंभरात पंचाण्णवांहून अधिक रुग्ण सहा महिन्यांनंतरही बरे होते.